ऑलिम्पिकचा पैलवान आणि केबल कारखान्याचा एमडी : वेर्नर वेकमान

खडू_फळा विचारतात:

मंडळी, आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय : 'नोकियाचा संस्थापक ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता पैलवान होता!' नेहमीप्रमाणे खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. मी थोडी शोधाशोध केली तेव्हा वेर्नर वेकमान हे नाव सापडलं. जन्म १८८२, फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लोविसा या छोट्या गावात. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत सुवर्ण. पुढे हेलसिंकीच्या 'फिनिश केबल वर्क्स'चा मॅनेजिंग डायरेक्टर, १९३७ ते १९५५. म्हणजे संस्थापक नाही, पण गप्पही अगदीच हवेतली नाही.

मी हायस्कूलला तांत्रिक विषय शिकवतो. अभियंता दिनाला दरवर्षी विश्वेश्वरय्यांवरच भाषणं होतात (आदर आहेच, पण पोरांना ती आता पाठ झालीत). यंदा हा माणूस सांगावा असं मनात आहे. फक्त तीन गोष्टी नीट कळत नाहीत. पदक मिळालं म्हणून खुर्ची मिळाली का? नोकियाशी नातं नेमकं काय? आणि एमडी म्हणून या गड्यानं केलं काय? जाणकारांनी सांगावं.

---

लाल_माती :

सर, केबलचं मला काही कळत नाही, कुस्तीचं सांगतो.

त्यानं मारली ती ग्रीको-रोमन. कमरेखाली हात लावायचा नाही, पायानं अडवायचं नाही. आमच्या पोरांकडून पट आणि लंगी काढून घेतली तर निम्मी तालीम घरी जाऊन झोपेल. मग उरतं काय? मान, खांदे, छाती, आणि समोरच्याला मिठीत घेऊन उचलायची ताकद. वेकमानचा लंडनमधला गट ९३ किलोपर्यंतचा. फायनलला समोर यर्यो सारेला, तोही फिनलंडचाच. म्हणजे सोनं आणि चांदी दोन्ही एकाच घरात. आज अधिकृत धरतात त्या ऑलिम्पिकमधलं फिनलंडचं हे पहिलं सोनं, आणि त्या वर्षी त्यांना मिळालेलं एकुलतं एक.

त्याआधी १९०६ ला अथेन्समध्येही मधल्या वजनगटात तो पहिला आला होता, पण त्या स्पर्धेला ऑलिम्पिक समिती आता मोजत नाही. पदक गेलं वहीतून, कुस्ती तर झालीच की.

आणखी एक. फिनलंड तेव्हा झारच्या रशियाखाली. तरी लंडनला त्यांचा वेगळा संघ गेला होता. संचलनात रशियाचा झेंडा धरायचा नाही म्हणून हे लोक बिनझेंड्याचेच चालले. हे पोरांना जरूर सांगा.

---

जुना_वायरवाला :

सर, माझं सगळं आयुष्य पिंपरी-चिंचवड पट्ट्यात एका केबल कारखान्यात गेलं. आधी शॉप फ्लोअर, मग टेस्टिंग, शेवटी प्लॅनिंग. त्यामुळे हा माणूस माझा आवडता, आणि कुस्तीमुळे नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. पदकावर खुर्ची मिळाली नाही. तारखा एकापुढे एक ठेवून बघा. सोनं मिळालं तेव्हा वेकमानला सव्विसावं वर्ष पुरं व्हायला काही दिवस बाकी होते. जर्मनीत कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठात तो इंजिनिअरिंग शिकला. कुस्ती चालू होती ती या शिक्षणाच्या दिवसांत. लंडन झालं आणि त्यानं आखाडा सोडला. त्या काळी युरोपात पैसे घेऊन कुस्त्या मारणाऱ्यांचे फड जोरात होते, नाव झालेल्या मल्लाला तिथे कमी पडलं नसतं. हा गेला उरल पर्वताच्या मुलखात, इंजिनिअर म्हणून नोकरीला. १९०९ ते १९२१, बारा वर्षं!

आता त्या बारा वर्षांत रशियात काय काय झालं ते आठवा. महायुद्ध, झार गेला, बोल्शेविक आले, यादवी झाली. उरल म्हणजे खाणी, भट्ट्या, लोखंड आणि तांबं. यादवीत लाल (बोल्शेविक) आणि पांढऱ्या (त्यांच्या विरोधातल्या) फौजा त्याच मुलखातून पुढे-मागे सरकत होत्या. तिथे बारा वर्षं काढलेला माणूस माल वेळेवर न येणं, कामगार उपाशी असणं, सकाळी एकाचं राज्य तर संध्याकाळी दुसऱ्याचं, हे सगळं पचवूनच परतला असणार. तोवर फिनलंड स्वतंत्र झालेला होता (डिसेंबर १९१७). म्हणजे गडी गेला झारच्या प्रजेतला म्हणून आणि परत आला तो एका नव्या देशात.

१९२१ ला तो फिनिश केबल वर्क्समध्ये टेक्निकल डायरेक्टर म्हणून लागला. कंपनी १९१२ ची, आर्विद विकस्त्रोम नावाच्या इंजिनिअरनं काढलेली. टेक्निकल डायरेक्टर ते एमडी हा प्रवास झाला सोळा वर्षांत! पदकाची पुण्याई एवढी वाट बघत नाही, सर. खेळाडूला 'स्पोर्ट्स कोट्या'तून लावलं असतं तर गुलदस्ता, फोटो आणि जनसंपर्क विभाग एवढ्यावर भागलं असतं. हा सोळा वर्षं तारेच्या कामात होता.

तारेचं काम म्हणजे काय ते पोरांना सांगायचं असेल तर असं सांगा. त्या काळची जमिनीखालची विजेची केबल आजच्यासारखी प्लॅस्टिकची नव्हती. तांब्याच्या तारा साच्याच्या भोकातून ओढून बारीक करायच्या, त्यांचा पीळ घालायचा. त्यावर कागदाच्या पट्ट्या, एकावर एक, कितीतरी थर. मग सगळं टाकीत घालून, निर्वात करून, त्यातला दमटपणा काढायचा आणि वर गरम तेल-राळ मुरवायची. आणि या सगळ्यावर शिशाचं सलग कवच. कवच अशासाठी की कागदाला पाणी लागलं की केबल मेली. आज नाही मरणार, दोन पावसाळ्यांनी मरेल, आणि तेव्हा ती रस्त्याखाली गाडलेली असेल.

शिशाची प्रेस मी तरुणपणी चालू असताना पाहिली आहे. शिसं दाबून केबलभोवती नळीसारखं बाहेर येतं. प्रेसमधला साठा संपला की थांबायचं, नवं शिसं ओतायचं, परत चालू. जिथे थांबलो तिथे कवचावर अंगठीएवढं कडं उमटतं. त्या कड्यावरून हात फिरवून आमचे जुने ऑपरेटर सांगायचे, हे जोड धरलंय की नाही. मीटर आणि गेज नंतर, हात आधी. जोड कच्चा राहिला की त्याच रेघेतून पाणी आत. तर असल्या मालाचा हा एमडी. कुठल्या कड्याला भ्यायचं हे ज्याला कळतं, असा माणूस वर बसलेला असणं आणि फक्त हिशेब वाचणारा बसलेला असणं यात फार फरक पडतो. हे मी दोन्ही प्रकारच्या साहेबांखाली राबून सांगतोय.

आता नोकिया. हे जरा गुंत्याचं आहे. नोकिया मुळात कागदाच्या लगद्याची गिरणी, १८६५ ची, फ्रेड्रिक इदेस्ताम यांची (तेही खाणीचं शिक्षण घेतलेले इंजिनिअर. हवं तर संस्थापक म्हणून त्यांचं नाव घ्या). दुसरी कंपनी फिनिश रबर वर्क्स, एदुआर्द पोलोन यांची : रबरी बूट, टायर वगैरे. या रबरवाल्यांनी आधी नोकिया ताब्यात घेतली आणि १९२२ ला केबल वर्क्सचा मोठा हिस्साही घेतला. वायरवर रबराचं आवरण लागतं, त्यामुळे नातं नैसर्गिकच होतं. तरी तिन्ही कंपन्या कागदोपत्री वेगळ्या राहिल्या त्या १९६७ पर्यंत. मग एक झाल्या आणि नाव ठेवलं नोकिया. वेकमान तोवर निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. फेब्रुवारी १९६८ ला तो वारला. म्हणजे एकत्र झालेली नोकिया त्यानं जेमतेम वर्षभर पाहिली, तीही बाहेरून. पण पुढे ज्यातून इलेक्ट्रॉनिक्स निघालं तो तुकडा त्याच्याच कारखान्याचा, हे खरं.

तिसरा प्रश्न, काय केलं. १९३७ ला खुर्चीत बसला. १९३९ ला हेलसिंकीच्या साल्मिसारी भागात समुद्राला लागून नवा प्रचंड कारखाना बांधायला घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबर संपता संपता सोव्हिएत रशियानं हल्ला केला. हिवाळी युद्ध. ते मार्च १९४० ला थांबतं न थांबतं तोच १९४१ ला पुन्हा युद्ध, ते सप्टेंबर १९४४ पर्यंत. हरल्यावर तहात अट आली : तीस कोटी डॉलरची भरपाई, तीही मालाच्या रूपानं आणि १९३८ च्या किमतींच्या हिशेबानं. जहाजं, यंत्रं, लाकूड, कागद आणि केबल! माल उशिरा पोचला तर महिन्याला पाच टक्के दंड. पुढे रक्कम कमी केली, मुदत वाढवली, पण सप्टेंबर १९५२ ला शेवटचा हप्ता रवाना होईपर्यंत सगळा देश डिस्पॅच डिपार्टमेंट झाला होता.

मी प्लॅनिंगला होतो, म्हणून हे वाचताना मला घाम फुटतो. तांबं, शिसं, कागद, कोळसा, सगळ्याची टंचाई. ग्राहक तो, ज्याच्याशी काल युद्ध होतं. त्याचे इन्स्पेक्टर माल तपासणार. 'या महिन्यात शिसं आलं नाही' असं सांगायची सोय नाही. आणि अशा वेळी एमडी कोण, तर रशियात बारा वर्षं काढलेला इंजिनिअर. समोरचा माणूस कसा बोलतो, कशावर अडतो, कुठे ढिला सोडतो हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. माझ्या मते हीच त्याची खरी कमाई.

याचा दुसरा भाग आणखी गमतीचा. भरपाई संपली आणि रशियानं तोच माल पैसे मोजून मागवायला सुरुवात केली. सक्तीनं उभी केलेली क्षमता गिऱ्हाईक घेऊनच तयार झाली. केबल वर्क्स पुढे कित्येक वर्षं या पूर्वेच्या व्यापारावर पोसली गेली. (एकाच गिऱ्हाइकावर एवढं अवलंबून राहणं बरं नव्हे, हेही खरंच. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा नोकियाला त्याचे चटके बसलेच. पण ते १९९१ चं झालं.)

१९३९ ला सुरू झालेला साल्मिसारीचा कारखाना १९५४ ला पुरा झाला. पुढच्याच वर्षी वेकमान खुर्चीवरून उठला, वयाची सत्तरी ओलांडून.

---

खवचट_खवैय्या :

वायरवाले, लेख झकास. पण सत्तरी ओलांडेपर्यंत खुर्ची न सोडणं याला कर्तबगारी म्हणायचं की आणखी काही? आपल्याकडे सहकारी कारखान्याचा अध्यक्ष एवढा टिकला तर आपण काय म्हणतो ते आठवा. :)

---

जुना_वायरवाला :

खवचटराव, मुद्दा बरोबर आहे. साठीनंतर त्यानं जागा मोकळी करायला हवी होती असं मीही म्हणेन, एरवीच्या काळात. पण १९४४ नंतरची आठ वर्षं एरवीची नव्हती. पाच टक्के दंडाच्या छायेत घोडा बदलायला कोण तयार होईल?

आणि मागे माणूस तयार केलाच नाही असंही नाही झालं. त्याच्यानंतर आले ब्यॉर्न वेस्टरलुंड, तेही इंजिनिअर, चाळिशीतले. त्यांनी १९६० च्या सुमारास केबल कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग काढला आणि एलियट ८०३ हा ब्रिटिश कॉम्प्युटर आणून बसवला. वायर विकणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर! लोक हसले असतील. हा विभाग बरीच वर्षं तोट्यात होता, केबलच्या नफ्यावर जगत होता. १९६७ ला एकत्र नोकिया झाली तेव्हा पहिले प्रमुख हेच वेस्टरलुंड.

---

उत्तरेचा_वारा :

मी हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहतो, ऑफिस हेलसिंकीत. साल्मिसारीची ती इमारत आजही आहे. मेट्रोनं रुओहोलाहतीला उतरायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं. नाव अजून तेच, 'कापेलितेहदास', म्हणजे केबल कारखाना. पुरी झाली तेव्हा फिनलंडमधली सगळ्यात मोठी इमारत होती म्हणे, आणि समोर उभं राहिलं की पटतं. पिवळसर विटांचे लांबच लांब मजले, खिडक्यांच्या रांगा संपतच नाहीत.

नोकियानं १९८० च्या दशकात उत्पादन बाहेर हलवलं. मग चित्रकार, नाचणारे, गाणारे भाड्यानं घुसले. शहराच्या मनात तिथे वेगळंच काही करायचं होतं, भिंती पाडायच्या वगैरे. या भाडेकरूंनी एकजूट करून ते अडवलं. १९९१ पासून ते सांस्कृतिक केंद्र आहे. आत फोटोग्राफीचं संग्रहालय, नाट्यसंग्रहालय, स्टुडिओ, आणि अलीकडे २०२२ ला बाजूला नृत्यगृहही झालं.

सगळ्यात मोठ्या हॉलला अजून 'समुद्री केबलचा हॉल' म्हणतात. समुद्राखालून टाकायची केबल मध्ये जोड नसलेली, जमेल तेवढी लांब लागते, ती ड्रमवर मावत नाही, ट्रकवर तर नाहीच. म्हणून कारखाना पाण्याच्या काठावर. केबल सरळ हॉलमधून जहाजात. आज तिथे मैफली आणि जत्रा भरतात. मी मागच्या हिवाळ्यात मुलीला घेऊन एका पुस्तकांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. बाहेर उणे चौदा, आत कोटांच्या खुंट्यांवर जागा नाही. वेकमानचं नाव मात्र माझ्या ऑफिसातल्या तरुण फिनिश पोरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. धावपटू पावो नुर्मी म्हटलं की सगळे मान डोलावतात.

---

लाल_माती :

धावणारा लक्षात राहतो, मल्ल नाही. हे सगळीकडे सारखंच दिसतंय.

हेलसिंकी म्हटल्यावर एक सांगायचं राहिलं. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथेच लढले, १९५२ ला. २३ जुलैला त्यांना फ्रीस्टाईलमध्ये कांस्य मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कोल्हापूरचे केशव माणगावेही त्याच संघात. एका लढतीनंतर अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती ती न देता खाशाबांना रशियाच्या मल्लासमोर उभं केलं, बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता. जायच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले होते. १९५५ ला खाशाबा पोलिसात फौजदार झाले, आणि बढतीसाठी किती झिजले ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

आता वायरवाल्या काकांनी सांगितलेल्या तारखा जोडून बघा. त्या उन्हाळ्यात वेकमान त्याच शहरात एमडी होता, आणि खाशाबांच्या पदकानंतर तिसऱ्या दिवशी, २६ जुलैला, सत्तर वर्षांचा झाला. एका पहिल्या पदकवाल्याला कारखाना, आणि दुसऱ्याला बढतीची वाट. यावर बोला.

---

जुना_वायरवाला :

माती, खाशाबांवर अन्याय झाला यात दुमत नाही. पण तुलना इथे बसत नाही. फिनलंडनं वेकमानला पदकाबद्दल काही दिलं असतं आणि आपण दिलं नाही, असं असतं तर मीही तुझ्याबरोबर ओरडलो असतो. वेकमानला पदकाबद्दल मिळालं ते उरल! कारखाना मिळाला डिग्री, बारा वर्षं परमुलूख आणि सोळा वर्षं टेक्निकल काम यांवर. खाशाबांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे : त्यांचं जे काम होतं, कुस्ती शिकवणं, त्यासाठी त्यांना नीट जागा का दिली नाही? तो प्रश्न सरळ विचार, मध्ये फिनलंड नको.

खडू सर, तुम्ही मात्र १९५२ चा उन्हाळा भाषणात नक्की घ्या. जुलैत ऑलिम्पिक, सप्टेंबरात भरपाईचा शेवटचा हप्ता. एक देश एका हातानं पाहुणे घेतोय आणि दुसऱ्या हातानं कर्ज फेडतोय. दहावीच्या पोरांना हे कळतं.

---

खडू_फळा :

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाषण वीस मिनिटांचं आहे, त्यात कागद-तेल-शिसं एवढ्यावरच दहा मिनिटं जातील. कार्यशाळेतून जुन्या केबलचा एक तुकडा मिळतोय का बघतो, कापून थर दाखवता येतील.

काका, तो शिशाच्या कवचाचा तुकडा मुलांच्या हातात द्यावा की नाही?

---

जुना_वायरवाला :

हातात देऊ नका. शिसं अंगाला चांगलं नाही. तुम्ही स्वतः हातमोजे घालून धरा, नंतर हात धुवा, आणि कापायचं काम आधीच उरकून ठेवा, वर्गात करवत नको. जुन्या वीज मंडळाच्या कंत्राटदाराकडे असा भंगार तुकडा मिळतो. आणि उघडला की तेलाचा वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा.

---

लाल_माती :

काका, तुलनेचं मान्य नाही, पण ते गोळेश्वरला या, तिथे बोलू.

तो सारेला पुढे काय झाला, हे कुणी विचारलंच नाही. लंडनला वेकमानकडून हरलेला हा गडी १९१२ ला स्टॉकहोममध्ये सगळ्यात वरच्या वजनगटात उतरला आणि सोनं घेऊन गेला. आणि वेकमाननं सोडलेल्या लाइट हेवी गटाची तिथली फायनल? फिनलंडचा बोलिंग आणि स्वीडनचा आलग्रेन, नऊ तास! कोणी चीत होईना. शेवटी पंचांनी बरोबरी दिली, दोघांना चांदी, सोनं कुणालाच नाही. आमच्या मैदानात अर्ध्या तासात लोक 'जोडी सोडवा' म्हणून ओरडायला लागतात.

---

खवचट_खवैय्या :

नऊ तास? जनरल मॅनेजरची रिव्ह्यू मीटिंग म्हणा की.